माहीत तेवढाच रंग

खोटं न बोलणारी माणसं मी आयुष्यात दोन-चार पाहिली आहेत. पण खोटा रंगसुद्धा न लावणारा माणूस शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके धरून एकच असेल, आणि तो, माझं भाग्य म्हणा की भोग म्हणा, माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. म्हणजे नात्यानं माझे मामेसासरे. मामेसासरा हे तसं निरुपद्रवी नातं. लग्नात टॉवेल-टोपी आणि दिवाळीला फराळाचा डबा, एवढ्यावर निभावतं. आमच्या मामांनी मात्र गेल्या वीस वर्षांत माझ्या मोटरसायकलवर मागं बसून न्हावऱ्यापासून केडगावापर्यंत इतकी गावं पालथी घातली आहेत, की ठिकठिकाणच्या म्हाताऱ्या मला त्यांचा ड्रायव्हर समजतात. आणि हे सगळं कशासाठी, तर सत्तर वर्षांपूर्वी कुणा पोरीच्या वेणीतली रिबीन कोणत्या रंगाची होती, एवढं विचारण्यासाठी.

शिरूरच्या एसटी स्टँडामागं मामांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं आता फोटो काढायला कुणी येत नाही. झेरॉक्स कुठं मिळेल ते विचारायला येतात, आणि मामा उठून त्यांना शेजारच्या दुकानापर्यंत पोचवतात. पण एके काळी जुने काळे-पांढरे फोटो हातानं रंगवून द्यावेत तर मामांनीच, असा त्यांचा लौकिक होता. काडीला गुंडाळलेला कापूस, दोन केसांचा वाटावा असा ब्रश आणि औषधाच्या असाव्यात तशा चिमुकल्या बाटल्या, एवढ्यावर ते मेलेल्या माणसाच्या गालावर लाली आणत. तेव्हाची पद्धतच होती तशी. गाल गुलाबी, ओठ लाल, लुगडं हिरवं. नवरी असो की तिची आजेसासू, दोघी एकाच बाटलीतून लाजायच्या. मामांनीही अशी शेकड्यांनी माणसं रंगवली. मग एकदा एका विधवेनं नवऱ्याचा रंगवलेला फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, मानूस आमचंच हाय, पण कोट दुसऱ्याचा घातलाय. मामांनी तपकिरी कोट निळा केला होता. ती बाई काही रागानं बोलली नव्हती, फोटो घेऊन गेलीसुद्धा. पण मामांनी त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं, आणि पुन्हा उघडलं ते एका नव्या नियमासह.

नियम असा, की ज्यानं तो रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे असा जिता साक्षीदार मिळाल्याखेरीज फोटोला ब्रश लावायचा नाही. आणि साक्षीदारानं जेवढ्याची साक्ष दिली तेवढंच रंगवायचं. बाकीचा फोटो होता तसा काळा-पांढरा. त्यामुळं मामांकडून परत आलेला फोटो पाहून गिऱ्हाईक आधी उलटापालटा करतं. अख्खं कुटुंब राखाडी आणि मधल्या पोराच्या सदऱ्याचं एकच बटण हिरवंगार. आजोबा, आजी, पाट, समई सगळं धुरकट, आणि आजीच्या मनगटात तेवढ्या दोन बांगड्या पिवळ्या. काम अर्धंच राहिलं का हो, असं लोक विचारतात. मीही एकदा विचारलं होतं. त्यावर मामांनी चष्मा काढला, पुसला आणि मला जे सांगितलं ते मी तेव्हापासून घरी, दारी आणि कंपनीत सांगत आलो आहे.

“पाव्हणं, काळं-पांढरं म्हंजी म्हाईत न्हाई. रंग म्हंजी म्हाईत हाय. मानसानं जेवढं म्हाईत तेवढंच बोलावं.”

आता हा बाणा ठेवून धंदा होत नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं आजोबांचा फोटो आणला. फेटा भगवा करा, बोटात अंगठी आहे ती सोन्याची करा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर घ्यायचा आहे, असं फर्मान. मामा त्या पुढाऱ्याच्या नव्वदीतल्या आत्याकडे जाऊन बसले. आत्या म्हणाली, फेट्याचं काही आठवत नाही बाबा, आणि अंगठी कुठली, तो बोटाला बांधलेला दोरा आहे. पण कमरेला लावलेली तंबाखूची चंची लाल होती, ती मीच शिवली होती. मामांनी चंची लाल केली आणि फोटो देऊन टाकला. पुढारी त्यांना नाही नाही ते बोलून गेला. आठ दिवसांनी मात्र पेढे घेऊन आला. आत्या तो फोटो मांडीवरून खाली ठेवत नव्हती म्हणे. फ्लेक्सवर चंची काही आली नाही, पण पुढारी तेव्हापासून मामांना वाकून नमस्कार करतो, आणि तो वाकतो ही गोष्ट आमच्याकडे साधी समजली जात नाही.

बायको मामांना खरेदीला नेत नाही. एकदा दौंडला नेलं होतं. दुकानदारानं साडी उलगडून मोरपंखी म्हटलं मात्र, मामांनी विचारलं, मोराच्या पिसातला कुठला भाग? मग ते साडी घेऊन उन्हात गेले, दुकानदार मागोमाग गेला, त्याच्या मागून बायको, आणि तासाभरानं तिघं परत आले तेव्हा साडी मोरपंखी नसल्याचं दुकानदारालाही पटलं होतं. ती त्यानं विकायलाच नकार दिला. लग्नसमारंभातही मामांवर लक्ष ठेवावं लागतं. पंगत उठली की ते मांडवातली सर्वांत म्हातारी बाई हेरून तिच्याजवळ जाऊन बसतात. केडगावच्या एका लग्नात असेच एका आजीला तिच्या धाकट्या बहिणीबद्दल विचारत बसले, उंचीनं कशी, रंगानं कशी, केस किती लांब, अंगावर काय घालायची. आजीच्या नातवांना वाटलं पाहुणे स्थळ घेऊन आले आहेत. त्यांनी मामांना बाजूला घेतलं, चहा दिला आणि मुलगा काय करतो म्हणून विचारलं. मामांनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, मुलगी वारली, चाळीस वर्षं झाली. त्या मांडवातून मी मामांना कसं बाहेर काढलं ते माझं मला ठाऊक.

पण ज्या फोटोनं मला हसायचं थांबवलं त्याच्याबद्दल सांगतो. घोड नदीच्या बाजूला पूर्वी एक विडीचा कारखाना होता. तो बंद पडून जमाना झाला. त्याची इमारत मंगल कार्यालय बांधायला पाडली तेव्हा माळ्यावर पत्र्याच्या पेटीत फोटो सापडले, आणि दुसरं कुणी घेईना म्हणून ते मामांकडे आले. कारखान्यात दर दसऱ्याला कात्र्यांची आणि सुपांची पूजा व्हायची, आणि पूजेनंतर मालक नगरहून फोटोग्राफर बोलावून कामगारांचा फोटो काढायचे. त्यातला एक फोटो नुसत्या पोरींचा आहे. दहा ते चौदा वर्षांच्या सोळा पोरी कारखान्याच्या दारापुढं दोन रांगांत उभ्या. प्रत्येकीच्या हातात पान कापायची कात्री. शाळेच्या फोटोत पोरं पाटी धरतात तशी धरलेली. एकही हसत नाही. मी पहिल्यांदा तो फोटो पाहिला तेव्हा माझी स्वतःची मुलगी सहावीत होती आणि गृहपाठ नको म्हणून रोज रडत होती. मला तो फोटो जास्त वेळ बघवला नाही.

मामांनी मात्र त्या सोळा पोरींचा पाठपुरावा सुरू केला. कुणी वारलेल्या, कुणी लग्न होऊन पार पलीकडे गेलेल्या. कुणाची भावजय शोधायची, कुणाची मैत्रीण. गेलं की आधी एक परीक्षेचा प्रश्न, कारखान्याचं दार कुठल्या रंगाचं होतं? जी बाई चटकन हिरवं किंवा निळं म्हणेल तिच्याकडे मामा चहा पिऊन परत येत. कारण त्या दाराला रंग नव्हताच, त्याला डांबर फासलेलं होतं. जिनं ते दार रोज पाहिलं तीच हे सांगू शकत होती. अशी एक-एक साक्ष गोळा करत एकीची रिबीन शेंदरी झाली, एकीच्या लुगड्याचा काठ पिकल्या उंबरासारखा झाला, एकीच्या हातातल्या विड्यांच्या कट्ट्याचा दोरा तेवढा लाल झाला. रंगाची ही नावं त्या बायांनीच दिलेली. वर्षाला एक, फार तर दोन. मी त्यांना घेऊन फिरत होतो खरा, पण आपण काय करतोय ते मला उशिरा समजलं. ज्या पोरींची हजेरीपटापलीकडे कुठं नोंद नाही, त्यांच्याबद्दलची एकेक खरी गोष्ट हा माणूस मरणाच्या तोंडून काढून आणत होता. मी देवळात जातो, पण हात जोडताना असं काही वाटल्याचं मला आठवत नाही.

चौदा झाल्या. दोघी राहिल्या. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी आणि चौथी. त्यातली तिसरी म्हणजे हौसा, मामांची थोरली बहीण.

हा फोटो काढला त्याच वर्षी दिवाळीनंतर हौसा तापानं गेली. बारा वर्षांची होती. मामा तेव्हा तीन वर्षांचे. बहिणीबद्दल त्यांना आठवतो तो फक्त वास, तंबाखूचा, तिच्या बोटांना येणारा. माझ्या सासूबाई तर तिच्यानंतर जन्मलेल्या. तिचा दुसरा फोटो नाही. या फोटोत तिच्या अंगात फुग्याच्या बाह्यांचं चांगलं, नवंकोरं दिसणारं पोलकं आहे, आणि त्याचा रंग कोणता हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, भेटलेल्या बायांतही कुणाला आठवत नव्हतं. फोटो सापडला तेव्हा मामांची आई होती. तिला विचारलं की ती म्हणायची, हौसाला असलं पोलकं नव्हतंच, आणि तोंड फिरवून पीठ चाळायला लागायची. लेकीच्या दुःखानं आईच्या मनातून तेवढं पुसलं गेलं, अशी मामांनी समजूत करून घेतली होती. चौथी पोर म्हणजे हौसाची मैत्रीण ठकू असणार, कारण दोघी कायम जोडीनं असायच्या असं आईनंच सांगितलेलं. ठकूबाई लग्न होऊन दौंड तालुक्यातल्या राहू गावी गेल्या होत्या आणि अजून हयात होत्या. म्हणजे एका म्हातारीला भेटलं की दोन्ही पोरी पुऱ्या होणार. राहू काही काशी-रामेश्वर नाही. पण परक्यांच्या रिबिनीसाठी भर उन्हात निघणारे मामा राहूचं नाव काढलं की म्हणायचे, जाऊ की, पाऊस होऊ द्या. पाऊस झाला की, ऊस तुटू द्या. मला वाटायचं म्हातारपण आलं. ते म्हातारपण नव्हतं, भीती होती. ठकूबाई ही शेवटची साक्षीदार. ती नाही आठवत म्हणाली, की हौसा कायमची काळी-पांढरी राहणार. विचारलं नाही तोवर निदान आशा होती.

आणि इथं मी शहाणपणा केला. मामांची पंच्याहत्तरी आली. माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप आहे, कुठलाही जुना फोटो घातला की दोन सेकंदांत रंगीत करून देतं. मी तो फोटो घातला. सोळाच्या सोळा पोरी ताज्यातवान्या झाल्या, हौसाचं पोलकं झकास आकाशी झालं. पुण्याहून मोठी प्रिंट काढून, फ्रेम करून, औक्षण झाल्यावर सगळ्यांसमोर मामांच्या हातात ठेवली. टाळ्या झाल्या. मामा बघत राहिले. मला वाटलं गहिवरले. मग त्यांनी अगदी हळू आवाजात, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये असं, मला विचारलं.

“ह्ये आकाशी कुनी पाह्यलं व्हतं, पाव्हणं?”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. फ्रेम त्यांनी नीट कागदात गुंडाळून ठेवली, माझा मान म्हणून. पण दोन दिवसांनी दुकानात गेलो तर खरा फोटो पुढं घेऊन बसलेले. म्हणाले, आता हौसाकडं बघितलं की मला आकाशीच दिसतंय, ते जाईना झालंय. मी काय करून ठेवलं ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. त्यांच्याजवळ बहिणीचं जे होतं, ते निदान खरं होतं. मी त्यात भेसळ केली होती. दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकली, गाडी दुकानापुढं उभी केली आणि सांगितलं, मामा, बसा, राहूला जायचंय. या वेळी त्यांनी पाऊस काढला नाही. फोटो पिशवीत घालून मागं बसले, आणि पारगावचा पूल येईपर्यंत पिशवी पोटाशी धरून होते.

राहूच्या शिवारात गुऱ्हाळं पेटलेली होती. ठकूबाईंचं घर रस्त्यालगतच. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. सून म्हणाली, सकाळी जेवल्याचं सांजच्याला आठवत नाही त्यांना, बघा विचारून. म्हातारीनं मला लशीचा डॉक्टर समजून दंड पुढं केला. मामांचा चेहरा पार उतरला. ओळख सांगितली तशी मात्र तिनं मामांना जवळ बोलावलं, चष्म्यातून न्याहाळलं आणि म्हणाली, हौसाचा भाऊ व्हय तू? उघडानागडा यायचास की कारखान्याच्या दारात, तिची भाकर खायला. पंच्याहत्तर वर्षांचे मामा लाजून खाली बसले. मग त्यांनी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, तोच प्रश्न विचारला. दाराचा. आपल्या बहिणीच्या बाबतीत तरी हा माणूस परीक्षा सोडून देईल असं मला वाटलं होतं. त्यानं सोडली नाही.

“दाराला कुठला आलाय रंग?” ठकूबाई म्हणाली. “डांबर व्हतं. उन्हात हाताला चिकटायचं.”

मामांनी फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि हौसाच्या पोलक्यावर बोट ठेवलं. त्यांना विचारता येईना, ते मीच विचारलं. ठकूबाईनं फार विचार केला नाही. गुलबक्षी, म्हणाली. दारातली गुलबक्षी सांजच्याला फुलते ना, तस्सं. मामांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी बोट शेजारच्या पोरीवर सरकवलं आणि विचारलं, आन् आक्का, तुमी कंचं घातलंया? ठकूबाई वाकून पाहत राहिली. पाहता पाहता हसायला लागली.

“आरं, ही तांबोळ्याची शकीला. मी न्हाई ह्याच्यात. मुकादम म्हनला, फाटक्या अंगानं फोटूत हुबं ऱ्हायचं न्हाई. हौसाकडं धड पोलकं नव्हतं, माझ्याकडं एक व्हतं. तिला लई हौस फोटूची. म्हनलं, घाल. मी फुडल्या साली हुबी ऱ्हाईन. तिचं फाटकं घालून भितीमागं हुबी व्हते मी, फोटू झाला की माझं परत घ्यायला.”

पुढल्या साली काय झालं, असं मी विचारलं. पुढल्या साली लगीन झालं की, म्हणाली, आणि शेंगा फोडायला लागली. लहानपणीचा तिचा एकही फोटो नाही, हे सुनेनं सांगितलं. मामांची आई खोटं बोलत नव्हती, तिच्या लेकीकडे असलं पोलकं खरोखरच नव्हतं. मामा खाली बघत बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. निघताना त्यांनी सुनेला विचारून परसातली चार गुलबक्षीची फुलं ओल्या फडक्यात घेतली.

त्या फुलांशी रंग जुळवायला त्यांना नऊ दिवस लागले. फुलं सुकायची, मी शिरूरभर हिंडून संध्याकाळी ताजी आणून द्यायचो. पोलकं झालं तेव्हा मला दाखवलं. त्या राखाडी दाटीत ती एक पोर अशी उभी होती, की आत्ता कुणी हाक मारली तर ओ देईल. आकाशी कुठल्या कुठं गेलं होतं. मला वाटलं, शकीलाचा शोध सोडला तर संपलं काम. पण मामा त्या रात्री झोपले नाहीत असं मामी म्हणाल्या. ठकूबाईला त्या फोटोत कसं घ्यावं हे त्यांना सुचत नव्हतं. कॅमेऱ्यानं जे पाहिलं नाही ते काढायचं तर आजवरचं सगळं खोटं पडतं, आणि न काढावं तर तिचं पोलकं तेवढं घेतल्यासारखं होतं. मी सुचवलं की भिंतीच्या कडेला एक लहानशी पोर काढा, कोण बघतंय. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून चहा सांगायला गेलो.

पुढच्या रविवारी आम्ही फोटो घेऊन पुन्हा राहूला गेलो. ठकूबाईनं पोलक्यावरून अंगठा फिरवला, बाहीचा फुगा पाहिला, हेच, म्हणाली. मग फोटोखाली पांढऱ्या पट्टीवर बारीक अक्षरांत काही लिहिलेलं तिला दिसलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून काय लिहिलंय ते तिनं विचारलं. मामा वाचू लागले. मागची रांग, डावीकडून, आठ नावं. पुढची रांग, डावीकडून, दोन नावं, मग हौसा, मग शकीला, मग उरलेल्या चौघी. शेवटची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. भिंतीमागं उभी, ठकूबाई. पोलकं हिचं.

ठकूबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. पदर सारखा केला. पुन्हा वाच म्हणाली, आणि मामांनी पुन्हा मागच्या रांगेपासून सुरुवात केली.